श्चेब्निकोव्हचा मधला काळ

नदीकाठच्या मेर्सेदेस गावात दात दुखला किंवा सिनेमा कळला नाही, तर माणसं एकाच दारात जात. डॉक्टर इतुर्बे दातांचे डॉक्टर होते आणि लूमेन फिल्म क्लबचे अध्यक्षही. दोन्ही कामांत त्यांची पद्धत एकच होती: समोरच्याला तोंड उघडायला लावायचं आणि मग बोलू द्यायचं नाही.

क्लबची समिती दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भरायची. पेशंटच्या खुर्च्या गोल मांडायच्या, मधे स्टोव्हवर किटली, आणि येर्बाच्या, म्हणजे तिकडच्या कडू चहाचा, पोकळ भोपळा हातोहात फिरायचा. भरण्याचा मान डॉक्टरांचा. एकाने नळीने ओढून संपवायचा, त्यांच्याकडे परत द्यायचा, त्यांनी गरम पाणी ओतून पुढच्याच्या हाती द्यायचा. परत देताना ‘आभार’ म्हणायचं नाही. आभार म्हणजे ‘मला आता पुरे’, पुढच्या फेरीत मी नाही. त्या नदीकाठी उठून जाणारा माणूस आभार मानतो. ज्याला बसायचंय तो गप्प राहतो.

समितीत पक्ष दोन. डॉक्टरांचा पक्ष स्वीडनचा. ओलोफ स्टेनव्हाल हा जगातला सर्वश्रेष्ठ दिग्दर्शक, हे त्यांचं मत. त्याच्या सिनेमात बर्फ पडायचा, पाद्री खिडकीतून बघायचा आणि बाई मरायची, बहुधा ह्याच क्रमाने. शाळेत साहित्य शिकवणाऱ्या प्रोफेसोरा दोरालीसांचा पक्ष जपानचा. त्यांचा देव तेराशिमा. त्याच्या सिनेमात कोणी मरत नसे, पण चहा पिताना सगळे मेल्यासारखे बसत. तिसरे औषधांच्या दुकानाचे मालक अबेलार्दो. जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटायचं. त्यामुळे दोन्ही पक्ष शेवटी बोलायला धडपडत आणि सभा लांबत जाई.

चौथ्या खुर्चीवर एतेल्विना बसे. ती समितीत होती, कारण तिचा नवरा रुफीनो समितीत होता; आणि रुफीनो समितीत होता, कारण प्रोजेक्टर त्याचा होता. रुफीनोचं बुटांचं दुकान होतं. तो गेला तेव्हा दुकान पुतण्याकडे गेलं. प्रोजेक्टर आणि खुर्ची एतेल्विनाकडे आली. शिवाय दर शनिवारच्या खेळाला ती मेंब्रिलो फळाच्या मुरंब्याचा जाळीदार केक करून न्यायची. क्लबाच्या इतिहासात ज्यावर मतभेद झाला नाही अशी ती एकमेव कलाकृती.

जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीतल्या, एका गुरुवारी, स्टेनव्हाल आणि तेराशिमा दोघेही थोडे दमलेले पाहून, ती म्हणाली, "रुफीनोला जाऊन येत्या ऑगस्टात वर्ष होतंय. त्या शनिवारी त्याच्या आवडीचा सिनेमा लावावा म्हणते. ‘न्हाव्याचं लग्न’. जुना आहे, ब्वेनोस आयरेसचा, मुका. रिळं आमच्या घरीच आहेत."

कोणीतरी पाय न पुसता दवाखान्यात शिरल्यासारखी शांतता झाली.

"न्हाव्याचं," डॉक्टर म्हणाले.

"लग्न," प्रोफेसोरा म्हणाल्या.

"विनोदी आहे का हो?" अबेलार्दोंनी हळूच विचारलं. घरात कोणाला सांसर्गिक रोग आहे का, हे ते गिऱ्हाइकाला ज्या आवाजात विचारत त्याच आवाजात.

"पोट दुखेस्तोवर," एतेल्विना म्हणाली.

"डोन्या एतेल्विना," डॉक्टरांनी भोपळा खाली ठेवला, "रुफीनोबद्दल मला किती आदर होता, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण क्लब म्हणजे जत्रा नव्हे. विनोदाला आमची ना नाही. दिग्दर्शक मेलेला असावा, देश थंड असावा, आणि हसण्याआधी थोडं थांबावंसं वाटावं."

"हा दिग्दर्शक मेलाय," एतेल्विना म्हणाली.

"पण ब्वेनोस आयरेसमध्ये," प्रोफेसोरा म्हणाल्या. "उन्हाळ्यात तिथे काय उकडतं!"

"उकडतं खरं," अबेलार्दो म्हणाले, आणि तोच ठराव झाला.

भोपळा फिरत एतेल्विनाकडे आला. तिने तो सावकाश संपवला, डॉक्टरांच्या हाती दिला आणि म्हणाली, "आभार."

तीन भुवया वर गेल्या. फेरी नुकतीच सुरू झाली होती.

रुफीनोचं हसणं गावाला माहीत होतं. सुरुवातीला आवाजच नसे. नुसते खांदे हलत. मग घशात किटलीला कढ यावा तसं काहीतरी, आणि मग फुटायचं. मागच्या रांगेतला माणूस तो का हसतोय हे न कळता हसायला लागायचा. एकदा स्टेनव्हालच्या सिनेमात पाद्र्याची बायको शेवटचे श्वास घेत असताना बाहेर बांधलेला घोडा शिंकला. रुफीनो हसला. त्याच्यामागे अख्खा हॉल. पाद्र्याची बायको कधी मेली ते कोणी पाहिलंच नाही. पुढच्या गुरुवारी ठराव होऊन हॉलच्या भिंतीवर पाटी लागली: ‘खेळ चालू असताना हसू आल्यास बाहेर जाऊन हसावे.’ रुफीनो ती पाटी वाचूनही हसला होता, पण नियमाप्रमाणे बाहेर जाऊन.

त्यानंतर तो आपला सिनेमा घरीच बघायचा. रविवारी दुपारी गाव जेवून आडवं झालं, एतेल्विना बसने बहिणीकडे दोलोरेसला गेली, की दुकानामागच्या कोठीत बुटांच्या खोक्यांवर चादर टांगून ‘न्हाव्याचं लग्न’. संध्याकाळी ती परत येई तेव्हा मोरीत दोन ग्लास असत. एक देठाचा, एक साधा.

"दोन कशाला रे?"

"एक वाइनचा, एक पाण्याचा."

रुफीनोचा आणि पाण्याचा संबंध आंघोळीपुरता होता, हे तिला ठाऊक होतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाली की बायको ग्लास विसळते, प्रश्न विसळत बसत नाही. दुसरा ग्लास कोणाचा असेल ह्याची तिने एक-दोनदा मनात यादी केली. यादीत बायकाच आल्या, त्याही सगळ्या साठीपुढच्या, म्हणून तिने ती सोडून दिली.

आता मोरीत एकच ग्लास असे, तिचा. आणि गेल्या काही दिवसांत तिच्या ध्यानात आलं होतं, की रुफीनोचा चेहरा आठवतो, कोटाचा चामड्याचा वास आठवतो, पण हसणं कसं सुरू व्हायचं ते आठवत नाही. खांदे आठवायचे. त्यापुढचा आवाज येईना. तिने घरात एकटीने तो सिनेमा लावून पाहिला. एकटं माणूस हसलं की फार तर खोकल्यासारखं ऐकू येतं. तिला हॉल हवा होता. तोच हॉल, त्याच पाटीखाली. सगळे एकदम हसले, की त्या गलक्यात कुठेतरी त्याचं हसणं सापडेल, असं तिने मनाशी धरलं होतं.

मंगळवारी डॉन बासिलिओ आले. नदीच्या वरच्या अंगाला रशियन लोकांची वसाहत आहे. तिथून ते सूर्यफुलाचं तेल घेऊन यायचे. आडवा बांधा, पिकलेली मिशी, बोलणं मोजकं. गाव त्यांना डॉन बासिलिओ म्हणे. आडनाव विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. एतेल्विनाला मात्र ते माहीत होतं. रुफीनोच्या दफनाला बासिलिओंनी टोपी काढून, त्यांच्या वसाहतीच्या रिवाजाप्रमाणे पूर्ण नावानिशी दुखवटा दिला होता. त्या दिवशी तिला वाटलं होतं, की एक माणूस नाही, अख्खं बँडपथक दारात येऊन उभं राहिलंय.

बासिलिओ कॅनमधून बाटलीत तेल ओतत होते. एतेल्विना धारेकडे बघत होती.

"डॉन बासिलिओ, तुमचं नाव काय म्हणालात त्या दिवशी?"

ओतणं थांबलं. त्यांनी टोपी काढली. "वासिली प्रोकोफ्येविच श्चेब्निकोव्ह."

"शेवटचं परत सांगा बरं."

"श्चेब्निकोव्ह."

"अगं बाई," एतेल्विना म्हणाली. "हे कोणी नाकारूच शकणार नाही."

"काय?"

"काही नाही. हे नाव मला थोडे दिवस उसनं द्याल?"

बासिलिओंनी विचार केला. "तेल नीट ठेवा, थंडीत गोठतं," ते म्हणाले. "नाव वापरा. झिजत नाही."

ती हसली. "मग ऑगस्टातल्या त्या शनिवारी हॉलवर यायचं. केक असेल."

गुरुवारी तिने भोपळ्याची एक फेरी पूर्ण होऊ दिली. दुसऱ्या फेरीत, प्रोफेसोरा तेराशिमाच्या एका चहाच्या कपाविषयी बोलून श्वास घ्यायला थांबल्या, तेव्हा ती सहज म्हणाली, "ब्वेनोस आयरेसहून माझ्या एका नातलगाने रिळं पाठवलीत. मूकपट. मी काही फारशी शिकलेली नाही, तुम्हीच बघा. श्चेब्निकोव्हचा आहे म्हणे."

स्टोव्ह फुरफुरत होता. ज्याचं नाव उच्चारता येत नाही त्याला ओळखत नाही असं कबूल करणं त्या खोलीत शक्य नव्हतं; एक वेळ अक्कलदाढ आहे हे कबूल केलं असतं.

"श्चे..." डॉक्टर म्हणाले आणि नळी तोंडात घातली.

"रशियन," प्रोफेसोरा म्हणाल्या. नावावरून एवढं कळत होतं, पण त्यांनी ते असं म्हटलं, जणू त्या श्चेब्निकोव्हांच्या घरी जेवून आल्या होत्या.

डॉक्टरांनी नळी काढली. "आधीच्या काळातला की नंतरच्या?"

एतेल्विनाने क्षणभर छताकडे पाहिलं. "मधल्या."

"मधला काळ!" प्रोफेसोरांनी डोळे मिटले. "मधला सगळ्यात अवघड."

"मधलाच अवघड असतो," अबेलार्दो म्हणाले. "सिनेमाचं नाव?"

"‘वस्तरा’."

"‘वस्तरा’," डॉक्टर म्हणाले. एतेल्विनाला वाटलं, की ते तिच्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघताहेत. पण दातांचा डॉक्टर सगळ्यांच्याच तोंडाकडे बघतो. "माझा पाठिंबा," ते म्हणाले.

ठराव एकमताने झाला. स्वीडन आणि जपान यांनी कशाला तरी एकत्र हात वर करण्याची ही पहिलीच वेळ. भोपळा परत देताना एतेल्विना काही बोलली नाही.

खरं तर लबाडी फारशी करावी लागली नाही. सिनेमाच्या सुरुवातीची नावं असलेला तुकडा रुफीनोच्या हातून कधीच जळून गेला होता. मधल्या पाट्या स्पॅनिशमध्ये होत्या, पण जगातला कुठलाही मूकपट ह्या मुलखात स्पॅनिशच बोलायचा. तिने फक्त डब्यांवरची चिठ्ठी खरवडली आणि तिथे ते लांब नाव लिहिलं. नाव डब्याच्या कडेवरून वळून मागे गेलं.

शनिवारी संध्याकाळी इटालियन मंडळाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल भरला. दक्षिणेचा वारा खिडक्या वाजवत होता. तसा क्लबाच्या खेळाला हॉल भरत नसे. पण आठवडाभर प्रोफेसोरांनी शाळेत आणि अबेलार्दोंनी खोकल्याच्या औषधाबरोबर श्चेब्निकोव्ह वाटला होता. पोस्टमास्तरांनी बाजारात कोणाला तरी सांगितलं होतं, की स्टेनव्हाल जे काही शिकला ते ह्याच्याकडून. कसाई म्हणाला, हो, दिसतंच.

डॉक्टरांनी दोन शब्द सांगितले. ते अर्धा तास चालले. मौन, हद्दपारी, धारदार वस्तू आणि मानवी मान यांचं नातं. मग दिवे गेले आणि प्रोजेक्टर घुरघुरू लागला.

पडद्यावर पेपीनो न्हावी आपल्या होणाऱ्या सासऱ्याची दाढी करत होता. खिडकीबाहेरून नवरी गेली. पेपीनोची मान तिकडे, हात इकडे. सासऱ्याची अर्धी मिशी गेली. सासऱ्याला पत्ता नाही. पेपीनो आरशावर टॉवेल टाकतो, सासरा टॉवेल काढतो, पेपीनो स्वतःची मिशी काढून तिथे चिकटवतो.

एतेल्विना वाट बघत बसली.

हॉलमध्ये पेन्सिलीची खसखस ऐकू आली. पुढच्या रांगेत प्रोफेसोरा हनुवटीखाली मूठ धरून बसल्या होत्या. कोणीतरी सुस्कारा टाकला. अबेलार्दो शेजाऱ्याच्या कानाशी म्हणाले, "अर्धी मिशी. म्हणजे अर्धवट राहिलेली क्रांती." शेजाऱ्याने गंभीरपणे मान हलवली.

चिकटवलेली मिशी दारातच गळाली, आणि सासरा अर्ध्या मिशीने रस्त्यावरून रुबाबात चालला होता आणि कुत्रासुद्धा वळून बघत होता. ह्या जागी रुफीनोचे खांदे हलायला लागायचे. एतेल्विनाला राहवलं नाही. ती हसली, एकटीच.

"श्श!" प्रोफेसोरा मागे वळल्या. "डोन्या एतेल्विना! निदान आज तरी! माणसाचा अपमान चाललाय तिथे!"

ती गप्प झाली. शेळीने नवरीच्या झग्याचा घोळ खाल्ला. हॉलने तो अतीव आदराने खाऊ दिला. सासू पिठात पडली. कोणीतरी पिठाबद्दल काही लिहून घेतलं. एतेल्विनाला हळूहळू कळून चुकलं, की तिचा डाव फसला नव्हता. तो नको तेवढा साधला होता. रुफीनोच्या न्हाव्याला तिने मोठा माणूस करून ठेवलं होतं, आणि मोठ्या माणसाला हसायची छाती गावात एकाचीच होती. त्यालाच तर पुरून वर्ष झालं होतं.

पहिलं रीळ संपलं. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलेपर्यंत दिवे लागत. दिवे लागले तसा दरवाजा उघडला आणि वाऱ्याबरोबर डॉन बासिलिओ आत आले. रस्त्यात गाडी चिखलात रुतली होती. बूट गुडघ्यापर्यंत भरले होते. ते भिंतीवरची पाटी वाचत उभे राहिले. स्पॅनिश त्यांना बोलायला येई, वाचायला नाही.

अध्यक्ष म्हणून डॉक्टर पुढे झाले. "या, या. पाहुणे आज पहिल्यांदाच दिसताहेत. आपलं नाव?"

तेलाच्या गडबडीत एक साधी गोष्ट एतेल्विनाच्या ध्यानातच आली नव्हती: उसनं घेतलेलं नाव ज्याचं, त्यालाच तिने केक खायला बोलावलं होतं.

बासिलिओंनी टोपी काढली. छाती पुढे काढली. "वासिली प्रोकोफ्येविच श्चेब्निकोव्ह."

हॉलमधल्या खुर्च्या एकदम कुरकुरल्या. प्रोफेसोरा उभ्या राहिल्या. गेली कित्येक वर्षं त्या ह्याच माणसाला मागच्या दाराने तेल देऊन जाताना बघत होत्या. पण आज त्या त्याच्याकडे प्रथमच बघत होत्या.

"आपण..." डॉक्टरांचा आवाज खाली आला, "त्यांचे कोण?"

"कोणाचे?"

"श्चे... त्यांचे."

बासिलिओंनी विचार केला. "आमच्याकडे अर्धं गाव तेच आहे."

"घराणंच!" अबेलार्दो म्हणाले.

"आणि तेल विकतात!" प्रोफेसोरा म्हणाल्या. "ब्वेनोस आयरेसला हद्दपारी, आणि इथे तेल. काय पण जग! दोन शब्द बोलाल का आम्हाला?"

बासिलिओंनी एतेल्विनाकडे पाहिलं. एतेल्विनाने जमिनीकडे पाहिलं. "आधी बघतो," ते म्हणाले.

"काय विनय आहे बघा," कोणीतरी कुजबुजलं, आणि त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवण्यात आलं. चिखलाचे बूट कोणी पुसायला सांगितले नाहीत.

दिवे गेले. दुसरं रीळ. पेपीनो लग्नाच्या सकाळी आंघोळीला निघालाय. टबात साबणाऐवजी सासूने कालवलेला सरस. हे अजून पेपीनोला माहीत नाही. आधी त्याने टोपी टबात टाकली, टोपी निघेना. टोपी काढायला काठी घातली, काठी निघेना. काठी ओढायला पाद्र्याला बोलावलं.

पाद्र्याची एक बाही टबात अडकली आणि डॉन बासिलिओ हसले. भसाडं, मोठं, मोकळ्या शेतात हसणाऱ्या माणसाचं हसणं. हॉल एकदम ताठ झाला. प्रोफेसोरांचा श्श तोंडापर्यंत आला आणि तिथेच थांबला. ज्यांच्या घरचा सिनेमा, तेच हसताहेत. आता गप्प बसणं म्हणजे अडाणीपणा.

अंधारात कुजबुज रांगेरांगेने मागे गेली: "घरचे हसतात. हसायचं असतं तिथे."

प्रोफेसोरांनी पहिलं हसू काढलं. थंड नदीत उतरणारी बाई पायाचा अंगठा घालून बघते तसं. "हं. हं हं." पाणी बरं निघालं. पाद्र्याची दुसरी बाही अडकली आणि त्या दणकून हसल्या, मग अबेलार्दो, कारण शेवटी त्याच हसल्या होत्या, मग पोस्टमास्तर, आणि मग मागच्या रांगा, ज्या बिचाऱ्या पहिल्या रिळापासून ओठ चावून बसल्या होत्या. खुर्च्या हलायला लागल्या. कोणीतरी रडत होतं. भिंतीवरची पाटी वाऱ्याने की कशाने हलत होती.

एतेल्विना हसत नव्हती. ती कान देऊन बसली होती. इतका मोठा गलका, आणि तिला त्यात हवं ते सापडेना. हे सगळे हसत होते ते गंमत झाल्यावर. पाद्री पडला की हसायचे, सासरा अडकला की हसायचे. रुफीनोला सिनेमा पाठ होता. तो गंमत येण्याआधी हसायचा. माणूस अजून टबाच्या कडेवर उभा असायचा, आणि रुफीनोचे खांदे हलायचे. आत्ता पेपीनो कडेवर उभा होता. नवरी दार उघडणार, दार त्याला लागणार, आणि तो नव्या सुटासकट आत. हॉल श्वास रोखून बघत होता. कोणाला काही माहीत नव्हतं.

आणि तिच्या मागे, प्रोजेक्टरशेजारी, कोणीतरी हसलं.

आधी आवाज नव्हताच. घशात किटलीला कढ आल्यासारखं काहीतरी. मग फुटलं. दार अजून उघडायचं होतं.

तिने मागे वळून पाहिलं नाही. गरजही नव्हती. प्रोजेक्टरशेजारी रीळ बदलायला अध्यक्ष बसत. दार उघडलं, पेपीनो सरसात पडला, हॉल फुटला, आणि त्या गलक्यात ते दुसरं हसणं बुडून गेलं. वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या दोन माणसांचं हसणं एकमेकांसारखं होतं, जसं म्हाताऱ्या जोडप्यांचं चालणं होतं. तिला एकदम तो साधा ग्लास आठवला. मग तीही हसली, आणि आज तिला कोणी श्श केलं नाही.

खेळानंतर चर्चा झाली. चर्चेशिवाय सिनेमा पाहणं म्हणजे बिल न देता उठण्यासारखं, असं क्लबात मानत. प्रोफेसोरा म्हणाल्या, की स्टेनव्हालची माणसं आतून बांधलेली, तेराशिमाची बाहेरून, पण श्चेब्निकोव्हची माणसं चिकटलेली आहेत, आणि हा जागतिक सिनेमातला पुढचा टप्पा आहे. एका शिक्षकाने विचारलं, की मॉस्कोच्या रस्त्यावर ब्वेनोस आयरेसच्या ट्रामची पाटी कशी? डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "हद्दपारी." शिक्षक खाली बसला. ज्यांनी अजून तेराशिमाचा चहा पाहिला नाही त्यांनी तो जरूर पाहावा, पण आधी ‘वस्तरा’ पाहून, असं प्रोफेसोरांनी सुचवलं. डॉक्टरांनी त्यावर आधी बर्फ, मग ‘वस्तरा’ अशी दुरुस्ती मांडली. आणि दोघं पुन्हा भांडायला लागल्यामुळे सगळ्यांना बरं वाटलं.

शेवटी डॉन बासिलिओंना उभं केलं. "आपल्या घराण्याच्या वतीने," डॉक्टर म्हणाले, "ह्या कलाकृतीचं मर्म."

बासिलिओंनी टोपी हातात फिरवली. "त्याला माहीत नव्हतं टबात सरस आहे," ते म्हणाले. "आम्हाला माहीत होतं."

प्रोफेसोरांनी ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. त्या वाक्यावर पुढे तालुक्याच्या साप्ताहिकात लेख आला. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी बोललेल्या वाक्यांपैकी तेवढंच एक वाक्य सिनेमाबद्दल होतं.

मग अबेलार्दोंनी ठराव मांडला, की पुढचं सबंध वर्ष श्चेब्निकोव्हच्या संपूर्ण कामाला वाहावं. टाळ्या पडल्या. एतेल्विनाने केकचा शेवटचा तुकडा बासिलिओंच्या हातात दिला आणि त्या संपूर्ण कामाचा विचार केला. घरी कपाटात आणखी एकच डबा होता: ‘न्हाव्याचा घटस्फोट’. तोही अर्धाच.

माणसं जिन्याने उतरून गेली. बासिलिओंना तर चार जण धरून उतरवत होते, जणू तेही सरसात पडणार होते. वर एतेल्विना ताटं गोळा करत राहिली, आणि डॉक्टर रीळ मागे गुंडाळत राहिले.

"डॉक्टर," एतेल्विना म्हणाली, "‘विनोदाचा देश थंड असावा’ म्हणालात त्या दिवशी."

"हं."

"आमच्या कोठीत जुलैत फार थंडी पडते."

डॉक्टरांनी गुंडाळणं थांबवलं नाही. "चादरीला एक भोक होतं," ते म्हणाले. "नवरीचा चेहरा बरोबर त्या भोकावर यायचा. आज तिचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला मी. दिसायला बेतास बात आहे हो."

"तो देठाच्या ग्लासात प्यायचा ना?"

"देठाचा त्याचा. मला साधा. म्हणायचा, अध्यक्षांना देठाचा ग्लास दिला तर ते भाषण करतात."

एतेल्विना हसली. मग तिने विचारलं, "मग त्या गुरुवारी नको का म्हणालात?"

डॉक्टरांनी रीळ डब्यात ठेवलं, झाकण लावलं. त्या लांब नावावरून अंगठा फिरवत ते कडेपर्यंत गेले. "सगळ्यांसमोर," ते म्हणाले, "मला तो रुफीनोशिवाय बघायची सवय नाही. हसलो असतो. तुम्हीच म्हणाला असता, हा माणूस रुफीनोची नक्कल करतोय."

"आणि आज?"

"आज श्चेब्निकोव्ह होते," अध्यक्ष म्हणाले. "आज परवानगी होती."

त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, भोपळा काढला, येर्बा भरली. पहिला घोट भरणाऱ्याने स्वतः घ्यायचा असतो, कारण तो सगळ्यात कडू असतो. तो त्यांनी घेतला आणि दुसरा भरून तिच्या हाती दिला. खिडक्या वाजत होत्या. एतेल्विना त्या पाटीखाली बसली आणि तिने तो सावकाश संपवला, शेवटी नळी खुळखुळेपर्यंत. मग भोपळा परत दिला.

डॉक्टर थर्मास तिरका धरून थांबले होते.

ती काहीच बोलली नाही. त्यांनी पुन्हा पाणी ओतलं.